लाँच रेलवर कोणता थर द्यावा?

प्रश्न : आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाची मुलं रीतसर परवानगी काढून हिवाळ्यात मॉडेल रॉकेट उडवतात. मोटर काळ्या दारूच्या, तयार आणलेल्या. ६ मिलिमीटर खाचेचं, २० बाय २० चं ॲल्युमिनियम सेक्शन आणून दीड मीटरचा लाँच रेल, म्हणजे रॉकेट सुटताना सरळ धरणारा दांडा, केला होता. तो पावसाळाभर रेक्झिनच्या पिशवीत पडून राहिला. आता खालच्या हातभर भागावर पांढरी भुकटी आहे, बारीक खड्डे पडलेत आणि रॉकेटचं खाचेतून सरकणारं नायलॉनचं बटण अडकतं. पावडर कोटिंग करून घ्यावं की तेल लावून ठेवावं? लहान रॉकेटांची ३ मिलिमीटरची लोखंडी सळईसुद्धा गंजली आहे.
— विज्ञान शिक्षिका, मानेवाडा, नागपूर

उत्तर : मॅडम, दोन्ही नको. हिंगणा एमआयडीसीत ॲनोडायझिंगच्या, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेनं ऑक्साइडचा थर आणायच्या टाक्यांवर माझी उमर गेली, म्हणून हे ठामपणे सांगतो.

आधी ती भुकटी कशाची ते बघा. काळी दारू जळाली की मागे पोटॅशियमचे क्षार राहतात, त्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं. हा पापडखाराच्याच जातीचा माल. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात पापडखाराचं पाणी उकळलं की पातेलं काळं पडतं, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. शिवाय हा क्षार हवेतलं पाणी ओढतो. जुलैतली ओल आणि वरून रेक्झिनची पिशवी, म्हणजे तुमचा रेल चार महिने खारात भिजत होता. ओल्या बोटानं तो थर चोळून वास घ्या. सडक्या अंड्यासारखा आला तर दारूतल्या गंधकाचा अंश अजून तिथेच आहे.

म्हणून धुणं पहिलं. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि जुना टूथब्रश, खाचेच्या आतपर्यंत. कपड्यांची पावडर वापरू नका, तिच्यात पुन्हा सोडाच असतो. मग उन्हात कडकडीत वाळवा. यापुढे उड्डाण झालं त्याच संध्याकाळी रेल धुतला गेला पाहिजे.

आता पावडर कोटिंग. त्याचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खाचेच्या दोन्ही अंगांना धरला तर दीड दशांश मिलिमीटर जागा गेली. ही पावडर विजेच्या ओढीनं बसते, त्यामुळे खाचेच्या ओठांवर ती जाड जमते आणि आत धड पोचतच नाही. बटण नेमकं ओठांतूनच सरकतं. आम्ही एका शाळेसाठी असा रेल एका दुकानातून रंगवून आणला होता. दिसायला देखणा, पण रॉकेट कमरेइतकं वर गेलं आणि अडकलं. मोटर जागेवरच जळून संपली, खालच्या रंगाला फोड आले. मुलं लांब उभी होती म्हणून निभावलं. रेल सोडताना रॉकेटला सेकंदाला साधारण १५ मीटरचा वेग लागतो, तरच पंख त्याला सरळ धरतात. नुसतं घासत गेलं तरी तो वेग मिळत नाही आणि रॉकेट कलतं. मला रंगापेक्षा ही भीती मोठी वाटते.

तुम्हाला हवं ते ॲनोडायझिंग. तो वरून चढवलेला रंग नसतो, ॲल्युमिनियमचंच ऑक्साइड होतं आणि थराचा बराचसा भाग धातूच्या आत जातो. २५ मायक्रॉन मागितलं तरी खाच नावापुरतीच अरुंद होते. आधी मल्टिमीटरच्या दोन्ही सुया रेलवर हलक्या टेकवा. बीप वाजली तर सेक्शन कोरं आहे. नाही वाजली तर पातळ ॲनोडायझिंग आधीच आहे, पण खड्डे पडलेत तिथे ते संपलं. शक्य असेल तर तो हातभर भाग कापून टाका, कारण खड्डे ॲनोडायझिंगनं बुजत नाहीत.

दुकानात तीन गोष्टी सांगा : टाकीची लांबी रेलला पुरते का, जिगची (टाकीत जॉब टांगायच्या चौकटीची) पकड खाचेत नको, टोकाला घ्या आणि सीलिंग, म्हणजे थरातली बारीक छिद्रं बुजवणं, नीट करा. जॉब घरी आला की एका कोपऱ्यात निळ्या शाईचा थेंब टाका, पाच मिनिटांनी ओल्या फडक्यानं पुसा. डाग राहिला तर सीलिंग कच्चं आहे, जॉब परत न्या. पक्क्या सीलिंगवर शाई धरत नाही.

तेलानं खाचेत धूळ बसते आणि काजळीशी मिळून तिचा लगदा होतो. मेणबत्तीचं मेणही नको, आपल्या मे महिन्यातल्या उन्हात ठेवलेला धातू ते मऊ करतो. पेन्सिलीचं ग्रॅफाइट कोणी सुचवलं तर ऐकू नका, ओलीत ॲल्युमिनियम त्याच्या संगतीनं जास्त खाल्लं जातं. धुऊन वाळवल्यावर गाडीचं कार्नोबा वॅक्स पातळ लावून कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून काढा, एवढं पुरे.

एक जपा. ॲनोडायझिंगमधून वीज जात नाही, पण म्हणून इग्नायटरच्या (मोटर विजेनं पेटवणाऱ्या काडीच्या) क्लिपा रेलला टेकू देऊ नका. एका ओरखड्यातून शॉर्ट होतो.

सळईचा गंज बारीक पॉलिश पेपरनं लांबीच्या दिशेनं काढा. ठेवताना तिला तेलाचा हात चालतो, उडवायच्या दिवशी मात्र ते पुसून टाका. नवी घ्यायची झाली तर ३०४ स्टेनलेसची घ्या. आणि ती रेक्झिनची पिशवी काढून टाका, रेल भिंतीला उघडा टांगा.