प्लाक, ब्लॉकेज आणि नळीतली पेज

प्रश्न असा आला आहे: अँजिओग्राफीच्या (हृदयाच्या रक्तनळ्यांच्या तपासणीच्या) रिपोर्टातल्या 'प्लाक'ला, म्हणजे नळीच्या भिंतीत साठणाऱ्या चरबीच्या थराला, मराठीत काय म्हणावं, आणि '70 टक्के ब्लॉकेज' म्हणजे रक्त 30 टक्केच जातं, हे बरोबर का?

दुसरं आधी घेतो, कारण ते ऐकून कान किटले आहेत. बरोबर नाही. ते 70 टक्के सहसा व्यासाचे असतात, रक्ताचे नव्हेत. व्यास 70 टक्क्यांनी घटला तर छेदाचं क्षेत्रफळ 9 टक्केच उरतं, आणि तरीही माणूस खुर्चीत निवांत बसला असेल तर रक्त जवळजवळ नेहमीइतकंच जातं! पुढच्या बारीक वाहिन्या रुंदावून सांभाळून घेतात. पंचाईत जिना चढताना होते, कारण रुंदावायला जागाच शिल्लक नसते. म्हणून नळीत तार घालून, औषधाने प्रवाह वाढवून, अडथळ्याच्या पुढचा दाब महाधमनीतल्या दाबाच्या किती पट आहे ते मोजतात. 0.80 किंवा त्याखाली आला की अडथळा खरा. 'ब्लॉकेज' म्हणजे तुंबणं. इथे नळी चिंचोळी झालेली असते. चिंचोळेपणा म्हणा ना!

आता प्लाक. काही शुद्धिप्रेमी 'पट्टिका' सुचवतात. रक्तपट्टिका म्हणजे प्लेटलेट, हे शाळेत शिकवतात ना? प्लाक फुटल्यावर त्याच जागी त्याच पट्टिका गोळा होतात, मग वाक्य कसं करणार? 'पट्टिकेवर पट्टिका जमल्या'? दुसरे म्हणतात 'किटण'. शब्द झकास आहे. संस्कृत 'किट्ट' म्हणजे मळ. आयुर्वेदात अन्नाचे सार आणि किट्ट असे दोन भाग होतात, लोखंडाचा गंज तो लोहकिट्ट, आणि माझ्या मते वर किटलेले माझे कानही त्याच घराण्यातले. पण किटण पृष्ठभागावर बसतं, घासलं की निघतं. प्लाक नळीच्या अस्तराखाली, भिंतीच्या आत वाढतो. कितीही लसूण खाल्ली तरी तो खरवडून निघणार नाही. उलट सुरुवातीला भिंतच बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट तशीच राहते, म्हणून नुसत्या अँजिओग्राफीत तो दिसतही नाही.

खरी मौज पुढे आहे. नळ्यांत असे प्लाक साठण्याच्या विकाराला 'ॲथेरोस्क्लेरोसिस' म्हणतात. हा शब्द 1904 साली मार्शां नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने घडवला. त्यातलं ग्रीक 'ॲथेरे' म्हणजे भरडलेल्या धान्याची लापशी, 'स्क्लेरॉस' म्हणजे कडक. चिरून पाहिलं तर आत लगदा, बाहेर घट्ट कवच. आणि आपला विश्वकोश काय म्हणतो? 'रोहिणी-विलेपी विकार'. रोहिणी म्हणजे धमनी. लोकांना वाटतं, विलेपन म्हणजे लेप, म्हणजे पुन्हा तेच किटण. चूक! विलेपी म्हणजे आयुर्वेदातली दाट पेज, तांदूळ चौपट पाण्यात शिजवून केलेली, आपल्या गुरगुट्या भाताची थोरली बहीण. धातू 'लिप्'च, पण इथे लेप नळीला नाही, पळीला लागतो! शब्द घडवणाऱ्याने ग्रीक लापशीच्या जागी संस्कृत पेज वाढली. मी तर हे वाचून उठून बायकोला सांगायला गेलो.

माझी तक्रार एकच, की 'स्क्लेरॉस' त्यांनी सोडून दिला. पेज घेतली, कडकपणा गाळला. हे शब्दाचं नव्हे, अर्थाचं नुकसान आहे, कारण सगळा खेळ या दोघांच्या प्रमाणाचा. कॅल्शियमने दगड झालेला प्लाक बहुधा जागा धरून बसतो. पेज जास्त आणि वरचं कवच 65 मायक्रॉनहून पातळ असलं, तर ते फुटतं, गुठळी होते आणि प्रवाह खरोखर तुंबतो, मग चिंचोळेपणा 40 टक्केच का असेना. शिवाय चिंचोळेपणा सारखाच असलेल्या दोन नळ्यांत, जिच्यात मऊ, चरबीदार प्लाक जास्त तिच्यात पुढचा दाब अधिक पडलेला आढळतो. तिथली भिंत गरजेला नीट सैलावत नसावी, असा एक तर्क आहे. म्हणजे टक्क्यांपेक्षा आतला ऐवज बोलतो.

मी 'घट्टपेजी विकार' सुचवणार होतो. बायको म्हणाली, तो कोकणातल्या खानावळीचा पदार्थ वाटतो.

हां, मूळ प्रश्न: प्लाकला प्लाकच म्हणा. दंतवैद्यही तेच म्हणतात, आणि तिथे मात्र किटण चालेल, कारण ते घासून निघतं.