शेपटीच्या मुळाशी आलेली ‘गाठ’

प्रश्न : मावशी, वर्षापूर्वी पुण्याहून आणलेला पांढरा अ‍ॅक्सोलॉटल, म्हणजे कायम पाण्यात राहणारा चार पायांचा उभयचर प्राणी, आमच्या घरी आहे. आठवीतल्या मुलाने त्याचं नाव फुटाणा ठेवलंय. पंधरा दिवसांपासून त्याच्या मागच्या पायांमागे, शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडून फुगलंय. शेपटीचं टोक आकडीसारखं वळलंय, कल्ले पुढे झुकलेत आणि एका कल्ल्यावर कापूस चिकटल्यासारखं दिसतंय. पुढच्या पायांना बोटंही चारच आहेत. दुकानदाराने निळं औषध दिलंय, ते टाकीत ओतू का? गाठ कॅन्सरची तर नसेल? मुलगा रडतोय. फोटो पाठवते.
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, मुलाला आधी जवळ घ्या आणि सांगा, ती गाठ नाहीच. फुटाणा नर आहे आणि वयात आलाय. साधारण वर्षभराचा झाला की नराचा तो भाग असाच फुगतो. फोटोत दोन्ही बाजू सारख्या, गुळगुळीत आणि अंगाच्याच रंगाच्या आहेत. एकाच बाजूला आलेली, लाल पडलेली किंवा आठवड्यागणिक वाढणारी गाठ असती, तर मी तुम्हाला लगेच डॉक्टरांकडे जायला सांगितलं असतं.

बोटांचंही तसंच. पुढे चार आणि मागे पाच हीच त्यांची रीत. तुटलेला पाय पुन्हा उगवताना कधी बोट जास्तीचं येतं, कधी दुभंगतं. त्या पायावर तो नीट चालत असेल तर त्याला दुखत-खुपत नाही.

मला काळजी आहे ती वळलेल्या शेपटीची आणि झुकलेल्या कल्ल्यांची. अ‍ॅक्सोलॉटलला पाणी सोसेनासं झालं की तो असंच सांगतो. फिल्टरचा झोत अंगावर येत असेल तरी कल्ले पुढे वळतात, म्हणून झोत काचेकडे फिरवा. पण तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात पाण्याचं तापमान कुठेच नाही. हा प्राणी मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या गार पाण्यातला. त्याला १६ ते १८ अंश मानवतं, २४ च्या वर त्याचे हाल होतात. आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात.

हे मी पोळून सांगते आहे. माझ्या पहिल्या अ‍ॅक्सोलॉटलच्या कल्ल्यावर असाच कापूस आला होता. मी चार दिवस इमानेइतबारे औषध घालत राहिले. पाचव्या दिवशी सकाळी तो तळाशी उताणा पडला होता. तेव्हा कुठे मी थर्मामीटर बुडवला. २९ अंश! तो कापूस म्हणजे बुरशी, ती नंतर चढली होती, आधी त्याला पाण्याने खाल्लं होतं. तो उताणा पांढरा जीव अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून निळं औषध टाकीत ओतू नका, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू त्याने मरतात. टाकीचं झाकण काढून जाळी लावा आणि टेबल फॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. आपली हवा कोरडी आहे, माठात पाणी गार होतं त्याच न्यायाने टाकीही काही अंश उतरते. तेवढ्याने भागलं नाही तर बर्फाची बंद बाटली सोडा, पण एकदम नको, हळूहळू गार होऊ दे. दर उन्हाळ्याला हीच कसरत करावी लागणार असेल तर चिलरला, म्हणजे पाणी गार ठेवणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही, खर्च मोठा असला तरी.

अमोनिया आणि नायट्राइट तपासा, दोन्ही शून्यच हवेत. पाणी तापलं की अमोनिया जास्त घातक होतो. रोज पाचवा हिस्सा पाणी बदला. नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून आपण पिंप भरून ठेवतोच, त्यातलं दोन दिवस उघडं ठेवलेलं पाणी घ्या आणि टाकीतल्या पाण्याइतकं गार करून मगच घाला. बुरशीसाठी वेगळ्या डब्यात लिटरला दोन चहाचे चमचे खडेमीठ विरघळवा, आयोडीनचं नको. त्यात दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. घड्याळ लावूनच बसा.

त्याने आठवडाभर गांडूळ तोंडात घेतलं नाही, पोट डोक्यापेक्षा बरंच रुंद झालं, तो तिरका तरंगू लागला किंवा कातडीवर लाल चट्टे आले, तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. फोटोत तळाशी रंगीत खडे दिसतात, तेही आजच काढा. घास ओढताना तो ते गिळतो आणि आतडं अडतं.

अ‍ॅक्सोलॉटल सायटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते. राहिली असेल तर करून टाका.

सकाळी सहाचं आणि दुपारी तीनचं तापमान मुलालाच वहीत लिहायला सांगा. आठ दिवसांनी ते आकडे आणि कल्ल्याचा जवळून काढलेला फोटो मला पाठवा. मी वाट बघते.