आधी त्या आजीला उत्तर दे

एका वाचक मुलीचं पाच पानी पत्र आलंय. नाव छापत नाही. जिओटेक्निकलमध्ये एम.टेक. केलंय, चार वर्षं नवी मुंबईच्या एका सल्लागार कंपनीत आहे. डोंगरउतारांची पाहणी आणि दरडीच्या धोक्याचे अहवाल हे काम. सासूबाई म्हणतात, माती तपासायला एवढं शिकायचं कशाला? नवऱ्याचं म्हणणं, बंगळूरची डेटाची नोकरी घे, पगार जवळजवळ दुप्पट आहे. अहवालावर नाव मात्र साहेबांचं लागतं. तिचा प्रश्न : ही लाइन सोडू का?

अगं, या तिघांवर तू बरंचसं पत्र खर्च केलंस. मी त्यांच्याबद्दल काही लिहिणार नाही. मला चौथ्या पानावरच्या तीन ओळी दिसल्या आणि तिथून पुढे सरकताच येईना. रायगडातल्या एका वाडीवर बोअर मारत होतात, तेव्हा एक म्हातारी येऊन म्हणाली की वरच्या झऱ्याचं पाणी यंदा गढूळ येतंय. मग तिने विचारलं, "बाय, पावसात हितंच निजायचं का?" तू म्हणालीस, "अहवाल आला की कळेल." आणि पुढच्या ओळीत लगेच पगारवाढीचा विषय!

तो अहवाल तिच्या हातात कधी पडणार आहे? तो इंग्रजीत आहे, साहेबांकडून कार्यकारी अभियंत्याकडे जाणार आहे. तिला कोण वाचून दाखवणार?

गढूळ पाण्याचा अर्थ तुला माझ्यापेक्षा चांगला कळतो. खाली कातळ, वर मुरूम आणि तांबडी माती. पाऊस मुरतो, कातळावर अडतो, मातीच्या कणांमधला दाब वाढतो आणि तिची पकड सुटत जाते. झऱ्यातून माती वाहून यायला लागली म्हणजे आत काहीतरी हलत असण्याची शक्यता असते. चांगला वाहता झरा ऐन पावसात एकाएकी आटला तर त्याहून वाईट, कारण ते पाणी आतच कुठेतरी तुंबत असतं. माती किती घट्ट आहे ते कळावं म्हणून 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटीमीटरवरून टाकून ठोके मोजलेस, त्यावर दीड पान लिहिलंस, आणि फार सुंदर लिहिलंस. ज्याला लाइन सोडायची असते तो घरच्या तक्रारीच्या पत्रात एन-व्हॅल्यू, म्हणजे त्या ठोक्यांचा आकडा, लिहीत बसत नाही. पण म्हातारीने सांगितलेला झरा तुझ्या अहवालात नाही. 'ऐकीव माहिती' म्हणून गाळलास. याचा मला राग आलाय.

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं सापडलीच नाहीत. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधानसभेत सांगितलं. देशाचा दरडप्रवणतेचा नकाशा 1:50,000 या प्रमाणावर केलेला आहे. त्यावरचा 1 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. शंभर मीटरची वाडी त्यावर दोन मिलिमीटर भरते. तिच्या मागचा झरा त्यात कुठून दिसणार? तो रोज हंडा भरायला जाणाऱ्या बाईलाच दिसतो. वेल्समधल्या अ‍ॅबरफॅनला खाणीतल्या मातीचा ढीग झऱ्यावरच रचला होता. गावातून तक्रारींची पत्रं गेली होती. 21 ऑक्टोबर 1966 ला तो ढीग शाळेवर आला. 144 माणसं गेली, त्यांत 116 मुलं होती.

तुझं पत्र मेच्या पहिल्या आठवड्यातलं आहे. कोकणात पाऊस 7 जूनच्या आसपास लागतो. म्हणून येत्या रविवारी त्या वाडीवर जा. नवऱ्यालाही घेऊन जा, त्याने बघू दे तू काय करतेस ते.

म्हातारीबरोबर झऱ्यापर्यंत चढ. वरच्या अंगाला जमिनीला भेग आहे का, कुंपणाचे खांब, झाडं कलली आहेत का, ते बघ. फोटो काढ, तारीख टाक. मग वाडीतल्या सगळ्यांना बसवून साध्या मराठीत सांग. दरड कधी येईल हे कुणालाच सांगता येत नाही, ते तूही सांगू नकोस. पण रात्रभर धो-धो पाऊस लागला, भेग रुंदावली, दार एकाएकी घट्ट बसायला लागलं, झऱ्याचा रंग बदलला किंवा झरा आटला, तर पोरंबाळं घेऊन निघायचं, सकाळची वाट बघायची नाही, हे नक्की सांगता येतं. कुठल्या वाटेने निघायचं आणि कुठल्या घरात थांबायचं, तेही तिथेच ठरवा. ओढ्याच्या तोंडाशी असलेलं घर नको.

साहेब म्हणतील, अहवाल क्लायंटचा आहे. असू दे, त्यातला आकडा सांगायची गरजच नाही. झरा वाडीचा आहे, त्याबद्दल वाडीतल्या माणसांशी बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. आधी साहेबांना लेखी कळव, की ही नोंद अहवालात घालायची आहे. सोमवारी तहसीलदारांना एक पानाचं पत्र दे, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला. दोन्हीकडून पोच घे, शिक्क्यासकट. नोकरीवर आच येईल अशी भीती वाटेल. येईलही कदाचित. तरी जा.

बंगळूरचं मला जूनमध्ये विचार. पत्रासोबत त्या दोन पोचांची झेरॉक्स जोड, आणि आजी काय म्हणाली तेही लिही.