वाचकांचे प्रश्न : ग्रह वक्री होतो तेव्हा

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे वक्री ग्रहांविषयीची आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. उदाहरणांतील राशी निरयन, म्हणजे आपल्याकडील पंचांगांत असतात त्याच आहेत.

प्रश्न : सगळे ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने फिरतात, असे आम्हाला शाळेत शिकवले. पंचांगात मात्र ‘मंगळ वक्री’, ‘मंगळ मार्गी’ असे छापलेले असते. यातले खरे कोणते? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : दोन्ही खरे आहे. शाळेतले वर्णन सूर्य मध्यभागी धरून केलेले असते, आणि पंचांगात ग्रहाचे जे राशी-अंश दिलेले असतात ते पृथ्वीवरून पाहता तो ग्रह राशिचक्रात कोठे दिसतो ते सांगतात. पृथ्वी आपल्या कक्षेत सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने जाते, तर मंगळाचा वेग सुमारे 24 किलोमीटर आहे आणि त्याची कक्षाही मोठी आहे. त्यामुळे साधारण दर 780 दिवसांनी पृथ्वी मंगळाला गाठते आणि मागे टाकते. त्या सुमारास आपली दृष्टिरेषाच अशी फिरते की मंगळ ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पूर्वेकडे सरकायचा थांबतो, काही आठवडे पश्चिमेकडे सरकतो, पुन्हा थांबतो आणि मग नेहमीच्या वाटेला लागतो. या थांबण्याला स्तंभी, उलट सरकण्याला वक्री आणि पूर्ववत चालण्याला मार्गी असे म्हणतात. प्रत्यक्षात मंगळ एक क्षणही मागे फिरलेला नसतो.

हे नुसत्या डोळ्यांनी पाहता येते. 7 डिसेंबर 2024 रोजी पहाटे मंगळ कर्केच्या सुमारे 12 अंशांवर, पुष्य नक्षत्रात वक्री झाला. त्यानंतर ज्यांनी आठ-आठ दिवसांनी आकाश पाहिले असेल त्यांना तो तांबडा ठिपका पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांकडे परत येताना दिसला असेल. 16 जानेवारी 2025 रोजी तो सूर्याच्या बरोबर समोर आला, म्हणजे सूर्यास्ताला उगवून रात्रभर तळपत राहिला, आणि 21 जानेवारीला मिथुनेत परतला. 24 फेब्रुवारीला तो मार्गी झाला, तोपर्यंत एकूण 19 अंश मागे आला होता.

आपल्या जुन्या गणितकारांनी पृथ्वी स्थिर मानली होती, तरी वक्रत्वाचे त्यांचे गणित चांगलेच जुळत असे. सूर्यसिद्धांत या प्राचीन गणितग्रंथाने ग्रहांच्या आठ प्रकारच्या गती सांगून प्रत्येक ग्रह किती अंश शीघ्रकेंद्रावर (सूर्याच्या संदर्भात मोजलेल्या ग्रहाच्या गणिती कोनावर) वक्री होतो याचे आकडे दिले आहेत. मंगळासाठी 164, बुधासाठी 144, गुरूसाठी 130, शुक्रासाठी 163 आणि शनीसाठी 115 असे ते आकडे आहेत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 मध्ये रचलेल्या ग्रहलाघवावरून महाराष्ट्रातली पंचांगे पुढे कित्येक पिढ्या तयार होत राहिली. वक्री ग्रह हे गूढ नसून गणिताने आधी सांगता येणारी घटना आहे, हे या मंडळींना पक्के ठाऊक होते.

प्रश्न : माझ्या नातीच्या पत्रिकेत सूर्य सिंहेत आणि शनी मकरेत असून शनीपुढे ‘व’ असे अक्षर आहे. एका गुरुजींनी शनी वक्री म्हणजे उलट बलवान असे सांगितले, तर दुसऱ्यांनी तो बिघडलेला आहे, शांत करावी लागेल असे सुचवले. कोणाचे ऐकावे? (एक आजी, सातारा)

उत्तर : आजी, आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शनी दर 378 दिवसांतून सुमारे 138 दिवस वक्री असतो, म्हणजे जन्मणाऱ्या मुलांपैकी साधारण तिसऱ्या मुलाच्या पत्रिकेत शनीपुढे ‘व’ येतोच. गुरूचे प्रमाण सुमारे तीस टक्के आहे. बुधाचे जवळपास अठरा-एकोणीस, मंगळाचे नऊ आणि शुक्राचे सातच टक्के आहे. एवढ्या मुलांना लागू पडणारी गोष्ट आपल्या नातीपुरतीच विशेष चिंतेची कशी होईल?

शनी वक्री आहे की नाही हे कळायला ‘व’ अक्षराचीही गरज नाही. पत्रिकेत सूर्यापासून शनीपर्यंत घरे मोजावीत. गुरू किंवा शनी सूर्यापासून सहाव्या, सातव्या वा आठव्या राशीत असेल तर तो बहुधा वक्री असतो, आणि पाचव्या-नवव्या राशीत असल्यास अंश पाहावे लागतात. सिंहेपासून मकर सहावी, म्हणून आपल्या नातीचा शनी वक्री. बुध आणि शुक्र मात्र सूर्यापासून अनुक्रमे सुमारे 28 आणि 47 अंशांपलीकडे कधी जातच नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही आणि पंचांगच उघडावे लागते.

आता बळाविषयी. पाराशरी पद्धतीत ग्रहाची सहा बळे मोजतात आणि त्यांपैकी चेष्टाबल, म्हणजे गतीवरून मिळणारे बळ, वक्री ग्रहाला सर्वाधिक मिळते. यामागचे कारण आकाशातच आहे. मंगळ, गुरू आणि शनी वक्री असतात तेव्हा ते पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सूर्यासमोर आणि सर्वांत तेजस्वी असतात. शुक्र वक्री असताना आपल्या व सूर्याच्या मधून जातो, त्याचे बिंब मोठे होते आणि सूर्याच्या बरेच निकट येईपर्यंत तो दिसत राहतो. म्हणूनच सूर्यसिद्धांताने शुक्राच्या अस्ताची, म्हणजे सूर्याच्या तेजात दिसेनासा होण्याची, मर्यादा एरवी 10 अंश, पण वक्री असताना 8 अंश ठेवली आहे. बुधासाठीही 14 आणि 12 असा फरक केला आहे. दुर्बीण नसताना केलेले हे निरीक्षण आम्हाला नेहमीच थक्क करते. अशा ग्रहाला दुबळा म्हणणे त्या लोकांच्या डोळ्यांना पटले नसते.

फळांविषयी ग्रंथांत एकवाक्यता नाही, हेही सांगायला हवे. कल्याणवर्म्याची सारावली वक्री शुभग्रहांना महाबळी आणि राज्य देणारे मानते, पण शनी-मंगळासारखे वक्री पापग्रह व्यसने आणि निष्फळ भटकंती देतात असे सांगते. बळ वाढते म्हणजे ग्रहाचा जो मूळ स्वभाव तोच वाढतो, असा या मताचा आशय. उत्तरकालामृत याहून वेगळे बोलते. वक्री ग्रह उच्चीच्या, म्हणजे आपल्या सर्वांत बलवान राशीतल्या, ग्रहासारखा, परंतु उच्च राशीत वक्री झाला तर नीचासारखा (सर्वांत दुबळ्या राशीत असल्यासारखा) आणि नीच राशीत वक्री झाला तर उच्चासारखा, असा त्याचा दंडक आहे. योगायोगाने 2025 च्या आरंभी दोन्ही उदाहरणे एकापाठोपाठ घडली. मंगळ नीच राशीत, कर्केत, वक्री झाला होता, आणि तो मार्गी होऊन आठवडा होतो न होतो तोच 2 मार्चला शुक्र आपल्या उच्च राशीत, मीनेत, वक्री झाला व 13 एप्रिलपर्यंत तसाच राहिला. एका ग्रंथाप्रमाणे त्या काळात जन्मलेल्या मुलांचा शुक्र उत्तम, दुसऱ्याप्रमाणे निकृष्ट. दोन अभ्यासू ज्योतिषी याच आधारावर प्रामाणिकपणे विरुद्ध मते देऊ शकतात.

आपल्या पहिल्या गुरुजींचे म्हणणे परंपरेला अधिक धरून आहे. शनी मकरेत स्वगृही आहे, त्यात चेष्टाबल आहे, त्यामुळे केवळ ‘व’ अक्षरावरून त्याला बिघडलेला ठरवायला आम्हाला तरी आधार दिसत नाही. सारावलीच्या अंगाने पाहणारा ज्योतिषी पापग्रह म्हणून शंका काढील, पण त्यालाही स्थान, दृष्टी आणि दशा पाहिल्यावाचून बोलता येणार नाही. शांतीचा खर्च निव्वळ वक्रत्वासाठी करू नये.

प्रश्न : बुध वक्री असताना मोबाइल-लॅपटॉप घेऊ नये, करारावर सही करू नये, नोकरी बदलू नये, असे संदेश सारखे येतात. आमच्या घरी तर धाकट्या बहिणीचा साखरपुडा पुढे ढकलण्याची भाषा चालू आहे. याला आपल्या शास्त्रात आधार आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बुध वर्षातून साधारण तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे तीन आठवडे वक्री होतो. 2025 साली तो 15 मार्च ते 7 एप्रिल, 18 जुलै ते 11 ऑगस्ट आणि 10 ते 29 नोव्हेंबर असा वक्री होता. म्हणजे हा नियम पाळायचा झाल्यास वर्षातले दोन महिन्यांहून अधिक दिवस कोणी सही करायची नाही आणि कोणी काही खरेदी करायचे नाही. बुध हा वाणी, व्यापार आणि लेखन यांचा कारक, हे आपल्याकडेही मान्य आहे. पण त्याच्या वक्रत्वात यंत्रे बिघडतात आणि संदेश चुकीच्या माणसाला जातात, ही कल्पना पाश्चात्त्य लोकप्रिय ज्योतिषातून समाजमाध्यमांच्या वाटेने आपल्याकडे आली आहे.

आपल्याकडे मुहूर्त पाहताना तिथी, वार, नक्षत्र, योग, करण आणि लग्नशुद्धी (त्या वेळी उगवणारी रास निर्दोष आहे की नाही) पाहतात, आणि विवाहासाठी मुख्यतः गुरू-शुक्रांचा अस्त टाळतात. काही मुहूर्तग्रंथ गुरू वक्री किंवा अतिचारी (नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालणारा) असतानाचे ठरावीक दिवसही वर्ज्य सांगतात. साखरपुड्याच्या दिवशी पंचांगशुद्धी असेल आणि दोन्हीकडच्या मंडळींना तो दिवस सोयीचा असेल, तर बुधासाठी कार्यालयाची आगाऊ रक्कम बुडवू नये.

ग्रंथ काय म्हणतात ते सांगणे आणि ते अनुभवास येते असे सिद्ध करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली महाराष्ट्रात एक चाचणी घेतली होती. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका देऊन कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ज्योतिषांना ओळखायला सांगितले होते. उत्तरे पाठवणाऱ्या 27 जणांची सरासरी 46 टक्के आली, म्हणजे नाणे उडवून येईल तेवढीच. ती चाचणी वक्री ग्रहांपुरती नव्हती, पण बुधाच्या नावाने छातीठोकपणे बोलणाऱ्यांनी ती वाचावी.

प्रश्न : माझी रास धनु. एप्रिल 2022 मध्ये साडेसाती संपली म्हणून घरात पेढे वाटले आणि जुलैमध्ये ती परत आली असे सांगण्यात आले. शनी असा परत येतो का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : येतो, आणि दरवेळी नाही, तरी बऱ्याचदा येतो. 29 एप्रिल 2022 रोजी शनी धनूच्या पुढच्या राशीतून, मकरेतून, निघून कुंभेत गेला, तेव्हा धनु राशीची साडेसाती संपली. परंतु तो कुंभेच्या आरंभीच्या अंशांवरच होता आणि जूनच्या सुरुवातीला वक्री झाला, त्यामुळे 12 जुलैला मकरेत परतला. ऑक्टोबरमध्ये तो मार्गी झाला आणि 17 जानेवारी 2023 रोजी पुन्हा कुंभेत गेला. धनु राशीची साडेसाती खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुटली. शनी वक्री स्थितीत सहा-सात अंश मागे येतो, म्हणून राशिबदल वक्री होण्याच्या थोडाच आधी झाला असेल तर ही ये-जा होते. तारखा सुरुवातीलाच पाहून ठेवल्या असत्या तर आपल्याला धक्का बसला नसता. या परतीच्या सहा महिन्यांत त्रास दुप्पट होतो असे कोणी म्हणत असेल, तर तशी दुप्पट मोजणी साडेसातीच्या रूढ नियमात नाही.

प्रश्न : पत्रिकेत राहू-केतूंपुढे नेहमी ‘व’ असते आणि सूर्य-चंद्रांपुढे कधीच नसते, असे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : सूर्याची दिसणारी गती ही पृथ्वीच्याच फिरण्याची छाया आहे आणि चंद्र पृथ्वीभोवतीच फिरतो, त्यामुळे या दोघांना मागे सरकताना पाहण्याचा प्रसंग येत नाही. राहू आणि केतू हे चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेला, जेथे छेदते ते दोन बिंदू आहेत. हे बिंदू रोज सुमारे 3 कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) उलट दिशेने सरकतात आणि साधारण 18.6 वर्षांत राशिचक्राची फेरी पुरी करतात. ते मुळातच उलटे चालणारे असल्याने त्यांच्यापुढच्या ‘व’ वरून ज्योतिषाला नवे काही कळत नाही. काही संगणकीय पत्रिकांत राहू मार्गी दाखवलेला असतो. तेथे मध्यम (सरासरी गतीने काढलेल्या) राहूऐवजी स्पष्ट (प्रत्यक्ष स्थितीचा) राहू निवडलेला असतो आणि तो अधूनमधून थोडे दिवस सरळ चालतो. आपल्याकडील अनेक पंचांगे मध्यम राहू देतात, तेव्हा घरातल्या जुन्या पत्रिकेशी ताडून पाहताना दोन्हीकडे राहू एकाच पद्धतीचा घेतला आहे ना, हे आधी पाहावे.