मेन स्विच बंद करून गच्चीवरचे सोलर पॅनेल स्वतः धुतले तर शॉक बसू शकतो का?

बसू शकतो. मेन स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर पॅनेलमध्ये वीज तयार होतच राहते. एका पॅनेलचे साधारण ४० व्होल्ट धरा. असे आठ-दहा एका ओळीत जोडले की ३००-४०० व्होल्ट डीसी झाले. म्हणून मागच्या वायरी आणि जोड यांना हात लावायचा नाही. करंट वाहत असताना जोड ओढून काढला तर नुसती ठिणगी पडून भागत नाही, जाळ होतो.

काच शाबूत असेल तर भल्या सकाळी साधं पाणी आणि मऊ फडकं पुरे. (बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात.) दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकू शकते. तडा दिसला तर पाणीही मारू नका, बसवणाऱ्याला बोलवा. आणि पॅनेलवर पाय देऊ नका. आतले सेल तडकतात, वरून दिसतही नाही.