धाकट्यालाही मधुमेह होईल का?

प्रश्न : माझ्या मुलीला सातव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. धाकटा मुलगा तीन वर्षांचा असून त्याची तब्येत उत्तम आहे. त्यालाही हा आजार होणार का, हे आधी कळू शकते का? जनुकीय तपासणी करून घ्या, असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे.

उत्तर : बऱ्याच प्रमाणात कळू शकते, मात्र त्यासाठी जनुकीय तपासणीपासून सुरुवात करण्याची गरज नाही. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवरच उलटते, आणि ही प्रक्रिया लक्षणे दिसू लागण्यापूर्वी कित्येक महिने, पुष्कळदा कित्येक वर्षे, आतल्या आत चालू असते. तिची खूण रक्तात सापडते. इन्शुलिन, जीएडी, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ या चार प्रथिनांविरुद्धच्या अँटीबॉडीज रक्तात आहेत का, हे पाहणारी तपासणी आज उपलब्ध आहे आणि आपल्या मुलासाठी तीच उपयोगाची आहे.

जनुकांचा वाटा मोठा आहे, हे खरे. रोगप्रतिकारक यंत्रणेशी संबंधित असलेल्या एचएलए या जनुकगटातील डीआर३ आणि डीआर४ ही रूपे या आजाराच्या आनुवंशिक जोखमीचा जवळपास निम्मा भाग ठरवतात. पण ही रूपे असलेल्या बहुसंख्य मुलांना मधुमेह कधीच होत नाही. कोणावर लक्ष ठेवावे, एवढेच जनुके सांगतात. प्रक्रिया सुरू झाली आहे का, हे अँटीबॉडीज सांगतात.

भावंडाला आजार असल्यास दुसऱ्या मुलाला तो होण्याची शक्यता साधारणपणे शंभरात पाच-सहा असते, तर इतर मुलांमध्ये ती हजारात तीन-चार असते. म्हणजे जोखीम कित्येक पटींनी वाढलेली असली, तरी शंभरातील चौऱ्याण्णव-पंचाण्णव भावंडे या आजारापासून दूरच राहतात, हे कृपया मनात पक्के ठेवावे. उलट बाजूही महत्त्वाची आहे : नव्याने निदान झालेल्या दहा मुलांपैकी सुमारे नऊ जणांच्या जवळच्या नात्यात हा आजार कोणालाच नसतो. त्यामुळे घरात कोणाला नाही म्हणून निर्धास्त राहणे बरोबर ठरत नाही.

तपासणी एकदाच करून भागत नाही. पहिल्या अँटीबॉडीज बऱ्याच मुलांमध्ये वयाच्या नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या काळात दिसू लागतात, तर काहींमध्ये त्या बऱ्याच उशिरा येतात. दुसऱ्या आणि सहाव्या वर्षी अशा दोनदा तपासण्या केल्यास पंधरा वर्षांच्या आत मधुमेह होणाऱ्या मुलांपैकी सुमारे ८० टक्के मुले आधीच ओळखता येतात, असे अनेक देशांतील नोंदी एकत्र करून केलेल्या अभ्यासात दिसले आहे. आपल्या मुलाची तपासणी आता करावी, आणि ती निगेटिव्ह आली तरी सहाव्या वर्षाच्या सुमारास पुन्हा करावी.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाच्या रक्तात एक अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली आहे. घरात सगळे हादरून गेले आहेत.

उत्तर : प्रथम वेगळा नमुना देऊन तपासणी पुन्हा करावी, कारण पहिला निकाल चुकीचा पॉझिटिव्ह असू शकतो. शिवाय काही मुलांमध्ये एकटीच असलेली अँटीबॉडी पुढे नाहीशीही होते. इथे खरे महत्त्व संख्येला आहे. फिनलंड, जर्मनी आणि अमेरिकेतील कोलोरॅडो येथे जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांचा एकत्रित अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन किंवा अधिक अँटीबॉडीज असलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत मधुमेह झाला. एकच अँटीबॉडी असलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. आपला मुलगा आज दुसऱ्या गटात आहे. त्याचा पाठपुरावा चुकवू नये, मात्र आजार झाल्यासारखे वागूही नये.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या दोन अँटीबॉडीज दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आल्या, साखर नॉर्मल आहे. डॉक्टर याला पहिला टप्पा म्हणतात. आजार टाळता येत नसेल, तर हे कळून उपयोग काय?

उत्तर : उपयोग फार मोठा आहे. ज्या मुलांचे निदान अचानक होते, त्यांपैकी अनेक जण रुग्णालयात पोहोचतात तेव्हा कीटोॲसिडोसिसमध्ये असतात. इन्शुलिनअभावी रक्तात आम्ल साठते, मूल उलट्या करते, त्याचा श्वास खोल आणि जलद होतो, आणि पोट बिघडले किंवा छातीत संसर्ग झाला असे समजून मोलाचे तास निघून जातात. यात जीवही जाऊ शकतो. जर्मनीतील बाव्हेरियात लाखभर मुलांच्या तपासणीचा उपक्रम राबवला गेला, तेव्हा आधी ओळखल्या गेलेल्या मुलांमध्ये ही अवस्था क्वचितच आढळली. माझ्या मते, तपासणीच्या बाजूने एवढे एक कारणही पुरेसे आहे.

दुसरा टप्पा म्हणजे लक्षणे नसताना साखर बिघडू लागणे : उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनी १४० ते १९९ मिलिग्रॅम. या टप्प्यातील आठ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या रुग्णांसाठी टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. शिरेवाटे चौदा दिवस रोज दिले जाणारे हे औषध आजार थांबवत नाही, पण चाचणीत त्याने तो सुमारे दोन वर्षे लांबवला. आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात इन्शुलिनविना मिळणारी दोन वर्षे लहान नाहीत. आपल्या मुलीला ते आज लागू नाही. दुसरा टप्पा वेळेवर कळावा यासाठी मात्र ठरलेल्या तपासण्या नियमित व्हायला हव्यात. दरम्यान खूप तहान लागणे, वारंवार लघवी होणे, पुन्हा अंथरूण ओले होऊ लागणे, वजन घटणे यांपैकी काहीही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी साखर तपासावी.

प्रश्न : गोड बंद केल्याने हा मधुमेह टळेल का?

उत्तर : नाही. हा आजार गोड खाण्याने होत नाही आणि ते बंद केल्याने टळतही नाही. नेहमीचा समतोल आहार चालू ठेवावा, आणि आईवडिलांपैकी कोणीही स्वतःला दोष देऊ नये.