जगन्नाथाचा रथ: भाच्याचा आणि मामांचा

प्रश्न नागपूरच्या महाल भागातून आला आहे. तिथल्या एका वाचनालयाची इमारत नव्याने बांधायची आहे, त्यासाठी वर्गणीचं पत्रक निघालं. त्यातलं वाक्य असं: ‘हा जगन्नाथाचा रथ आहे, तो खेचायला आपलाही हात लागावा.’ पत्रक लिहिणाऱ्या मामांचा भाचा मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योगवसाहतीतल्या, एका कंपनीत आहे. त्याने वाचलं आणि म्हणाला, मामा, हे काढा. जगन्नाथावरूनच इंग्रजीत ‘जगरनॉट’ शब्द झालाय, आणि जगरनॉट म्हणजे वाटेत येईल त्याला चिरडत जाणारी वस्तू. वर्गणी मागताना असं लिहितात का? मामांचे प्रश्न दोन. अर्थ कोणाचा खरा? आणि रथ ‘खेचायचा’ की ‘ओढायचा’?

भाचा खोटं बोलत नाही. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ तोच आहे. चौदाव्या शतकात ओडोरिक नावाचा एक इटालियन धर्मप्रचारक हिंदुस्थानात येऊन गेला. लोक देवाच्या रथाखाली आपणहून अंग झोकून देतात, असं त्याने लिहून ठेवलं. युरोपात ते चवीने वाचलं गेलं, पुढच्या प्रवाशांनी आणि मिशनऱ्यांनी त्यात भर घातली, आणि एकोणिसाव्या शतकात देवाचं नाव सुटून नुसती चाकं उरली. ब्रिटनमध्ये तर अजस्र मालट्रकलाही जगरनॉट म्हणतात. रथ लांबून, परक्या डोळ्यांनी पाहिला की आधी चाकंच दिसणार.

मराठीने तो रथ दोराच्या टोकाकडून पाहिला. म्हणून आपल्याकडे जगन्नाथाचा रथ म्हणजे एकट्यादुकट्याने न हलणारं, सगळ्यांचे हात लागल्याशिवाय न होणारं काम. शेजारचे वाक्प्रचार पाहा म्हणजे याची जागा कळेल. शिवधनुष्य उचलायला एकच वीर लागतो, बाकीच्यांनी बघायचं. गोवर्धनाला गोपांनी काठ्या लावल्या खऱ्या, पण भार एका करंगळीवर होता आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. संसाराचा गाडा दोघांचा. जगन्नाथाच्या रथाला मात्र करंगळीवाला कोणी नसतो, असतात ते सगळे काठीवालेच. सार्वजनिक कामाच्या पत्रकात तो शोभतो तो यामुळे. त्यामुळे ‘विरोधकांना चिरडत अमक्यांचा जगन्नाथाचा रथ पुढे निघाला’ असलं वाक्य कुठे दिसलं तर ते इंग्रजीतून आयात झालेलं समजावं. मराठीत तो रथ कोणाला चिरडत नाही.

पुरीच्या रथयात्रेचा भाव पाहिला तर मराठी अर्थच तिच्याजवळचा आहे. आषाढ शुद्ध द्वितीयेला जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा देवळाबाहेर येतात. तीन रथ असतात, दरवर्षी नव्या लाकडाचे: सोळा चाकांचा नंदिघोष जगन्नाथाचा, चौदा चाकांचा तालध्वज बलभद्राचा, बारा चाकांचा दर्पदलन सुभद्रेचा. जायचं असतं गुंडिचा मंदिरापर्यंत, म्हणजे सुमारे ३ किलोमीटर. एवढ्याशा वाटेसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण मुद्दा अंतराचा नाहीच. एरवी भक्ताने देवाकडे जायचं. या दिवसात देव रस्त्यावर येतो. ज्यांना देवळात प्रवेश नाही त्यांनाही तो तिथे दिसतो. निघण्याआधी पुरीचा गजपती राजा सोन्याच्या मुठीच्या झाडूने रथ झाडतो. राजाने झाडायचं आणि दोराला कोणीही हात लावायचा, अशी ती व्यवस्था आहे.

आणि चिरडण्याबद्दलच बोलायचं तर सालबेगची कथा सांगितली पाहिजे. हा सतराव्या शतकातला ओडिया भक्तकवी, मुघल सरदाराचा मुलगा, मुसलमान. देवळात जाता येईना म्हणून रथयात्रेची वाट पाहायचा. एका वर्षी त्याला पोहोचायला उशीर झाला, तर तो येईपर्यंत रथ जागचा हलला नाही, असं सांगतात. पुरीच्या बडदांडावर, म्हणजे त्या मोठ्या रस्त्यावर, त्याची समाधी आहे आणि जगन्नाथाचा रथ आजही तिथे थांबतो. भाच्याला एवढं सांगितलं तरी पुरे.

नागपूरकरांना तर हा रथ परका नाहीच. १७५१ पासून १८०३ पर्यंत ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता आणि पुरीच्या देवळाची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. देवळाच्या सिंहद्वारासमोर जो उंच अरुणस्तंभ आहे, तो कोणार्कहून मराठ्यांच्याच काळात तिथे आला. अरुण हा सूर्याचा सारथी, आणि कोणार्कचं देऊळ म्हणजे सूर्याचा दगडी रथ. एका रथापुढचा सारथी उचलून दुसऱ्या रथाच्या देवापुढे उभा केला, हे ज्याला सुचलं त्याला शब्दांचीही आवड असणार!

रथयात्रेच्या संदर्भात एक ओळ नेहमी म्हणतात: ‘रथे च वामनं दृष्ट्वा पुनर्जन्म न विद्यते.’ रथात वामनाला पाहिलं की पुनर्जन्म नाही. मला पूर्वी हा वामन कळायचा नाही. रथात जगन्नाथ, मग वामन कुठून आला? कठोपनिषद वाचताना उलगडा झाला. तिथे ‘आत्मानं रथिनं विद्धि शरीरं रथमेव तु’ असं म्हटलं आहे, म्हणजे शरीर हा रथ, आत्मा आत बसलेला. आणि पुढे ‘मध्ये वामनमासीनं विश्वे देवा उपासते’, मध्यभागी बसलेल्या वामनाची सगळे देव उपासना करतात. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की रस्त्यावरचा रथ आणि आपलं शरीर एकमेकांवर बसतात. आपण रोज म्हणतो तो ‘मनोरथ’ याच घरातला. तिथे रथ मनाचा आहे, म्हणून तो कुठेही जातो.

आता दुसरा प्रश्न, माझ्या आवडीचा. घोडे किंवा बैल जुंपलेले असतील तर रथ हाकतात. माणसं लागली असतील तर ओढतात. ‘खेचणे’ चूक नाही, पण त्याची नातीगोती वेगळी आहेत: रस्सीखेच, खेचाखेची, गर्दी खेचणे, मतं खेचणे. समोरचा सोडत नाही आणि आपण जोर लावतो, असा त्याचा स्वभाव. ‘ओढणे’ची लेक आहे ‘ओढ’. माहेरची ओढ, पंढरीची ओढ. पंढरीची खेच कोणी म्हणत नाही. त्याचा भजनाकडे ओढा आहे म्हणतो, तोही इथलाच. आता ‘ओढाताण’ही याच घरात आहे, ताशेरेही ओढतात आणि विडीही, हे मला कबूल आहे. घर मोठं असलं की असे एकदोन निघायचेच. पण देव वर बसलेला असताना ज्या क्रियापदात ओढ आहे तेच घ्यावं, असं माझं मत.

नागपुरात ‘खेचणे’ सर्रास ऐकू येतं, त्याला शेजारच्या हिंदीची साथ आहे. इथे तर ‘रथ खिचून राहिले’ असंही म्हणतात. चित्ररथ हा चांगला शब्द असताना आपण ‘झाकी’ म्हणतो, तसंच हे. झाकीबद्दल माझी तक्रार नाही. रामनवमीला पोद्दारेश्वर राम मंदिरातून निघते ती शोभायात्रा, आणि तिच्यात असतात त्या झाक्या. त्यांना चित्ररथ म्हटलं तर लहानपण परकं वाटेल.

त्याच शोभायात्रेत मी पहिल्यांदा रथाच्या दोराला हात लावला, आजीबरोबर, बडकस चौकात. ऊन चैत्रातलं, रस्त्यावर कोणीतरी पाण्याचा शिडकावा केलेला, हातात मठ्ठ्याचा पेला. दोर माझ्या मनगटाहून जाड होता आणि मोठ्या माणसांच्या गर्दीत मला तो धड धरताच येईना. आजी मागून म्हणाली, ‘वढता येत नसन त नुसता हात लाव. देवाले समजते.’ मी हात लावला, दोर पुढे गेला आणि तळव्यात एक कुसळ ठेवून गेला. रात्री आजीने ते सेफ्टीपिनेने काढलं. ती ‘वढता’ म्हणाली होती, ‘खिचता’ नाही. घरात हिंदी बोलणाऱ्या शेजारणींची दिवसभर ये-जा असूनसुद्धा.

तेव्हा मामा, वाक्य काढू नका. ‘खेचायला’च्या जागी ‘ओढायला’ करा. आणि तुम्ही ‘हात लागावा’ लिहिलंय ते फार बरोबर आहे, त्याचं ‘हातभार’ करू नका. हातभारात भार येतो आणि वर्गणीदार आकडा मोजायला बसतो.